संघ येतात, संघ जातात, मैदान मात्र लागतंच : महाराष्ट्राच्या हॉकी संघांची गोष्ट



आपल्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारा, आयपीएलमध्ये किती संघ आहेत? दहाच्या दहा नावं घडाघडा सांगेल, कोणाची जर्सी कोणत्या रंगाची हेही सांगेल. कबड्डीचं विचारा, पुणेरी पलटण आणि यू मुंबा ही नावं लगेच येतील. आता विचारा, हॉकीच्या लीगमध्ये महाराष्ट्राचा संघ कोणता? वर्ग गप्प. खरं सांगायचं तर हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारला तरी तिथेही फार काही वेगळं होणार नाही.

मुलं गप्प बसतात यात त्यांची चूक नाही, कारण आज तसा संघच नाही. पण तो कधी नव्हताच असंही नाही. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्राच्या नावावर मराठा वॉरियर्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरीन्स, मुंबई मॅजिशियन्स, दबंग मुंबई असे एकामागून एक हॉकी संघ आले. आज त्यातला एकही शिल्लक नाही. ते का आले, का गेले आणि त्यातून आपल्या नांदेड-लातूरच्या लेकरांनी नि त्यांच्या आईवडिलांनी काय घ्यायचं, हे या लेखात बघू.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. "हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ" असं आपण सर्रास शिकवतो. प्रत्यक्षात शासनाने कोणताच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात हे विचारलं, तेव्हा केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानेच तसं उत्तर दिलं. ही माहिती पुढे उपयोगी पडेल, कारण "राष्ट्रीय खेळ आहे म्हणजे त्याची काळजी सरकार घेतच असेल" हा आपला समज तिथेच सुटतो.

आधी एका लांबच्या गावाची गोष्ट

संघ टिकतो म्हणजे काय होतं, हे समजायला अमेरिकेतलं एक उदाहरण घेऊ. तिकडे बर्फावरची हॉकी फार लोकप्रिय आहे. पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, मैदान म्हणजे गोठवलेला बर्फ. आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात हा खेळ खेळतात. अमेरिका-कॅनडात या खेळाची सर्वात वरची लीग म्हणजे एनएचएल, आणि तिच्या खालची दुय्यम लीग म्हणजे एएचएल. खालच्या लीगमधला प्रत्येक संघ वरच्या एकेका संघाशी जोडलेला असतो. मुलगा खाली तयार होतो, वर जागा झाली की बोलावणं येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हा परिषद शाळेतून हायस्कूलला पाठवावं तसं.

या दुय्यम लीगमध्ये हर्शी बेअर्स नावाचा संघ आहे. हर्शी हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेलं गाव. लोकसंख्या पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. या गावात १९३६ साली कारखान्याच्या मालकांनी मोठं बंदिस्त हॉकी मैदान बांधलं. १९३८ मध्ये संघ एएचएलमध्ये दाखल झाला आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच लीगमध्ये, त्याच गावात, त्याच नावाने खेळतोय. लीगचा मानाचा करंडक त्यांनी १३ वेळा जिंकलाय. २०२३ आणि २०२४ मध्ये तर लागोपाठ.

मुलांना आवडेल अशी एक गंमत सांगतो. वर्षातल्या एका ठरलेल्या सामन्यात हर्शीने पहिला गोल केला की प्रेक्षक आपल्याजवळची मऊ खेळणी मैदानात फेकतात. ती गोळा करून गरजू मुलांना वाटतात. जानेवारी २०२५ मध्ये अशी १,०२,३४३ खेळणी जमा झाली! पंधरा हजारांच्या गावातला हा संघ आहे, हे लक्षात ठेवा.

म्हणजे हर्शीत चार गोष्टी होत्या. स्वतःचं मैदान होतं, दरवर्षी ठरलेल्या वेळी होणारे सामने होते, वर चढायला शिडी होती आणि "हा आमचा संघ" म्हणणारं गाव होतं. आता याच चार गोष्टी आपल्या संघांकडे होत्या का, ते तपासत जाऊ.

मराठा वॉरियर्स : नाव मराठी, मैदान परगावचं

२००५ च्या जानेवारीत प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. आयपीएल यायला अजून तीन वर्षं होती. भारतीय हॉकी महासंघ आणि एक क्रीडा वाहिनी यांनी मिळून ही लीग काढली. वेगवेगळ्या शहरांच्या नावाचे संघ, रंगीत जर्सी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, सगळं नवीन होतं. खेळसुद्धा थोडा बदलला. तेव्हा हॉकीचा सामना ३५-३५ मिनिटांच्या दोन भागांत व्हायचा. या लीगने तो साडेसतरा मिनिटांच्या चार भागांत केला. पुढे २०१४ पासून आंतरराष्ट्रीय हॉकीतही चार भाग आले, प्रत्येकी १५ मिनिटांचे.

महाराष्ट्राच्या संघाचं नाव होतं मराठा वॉरियर्स आणि त्यातलं सर्वात मोठं नाव होतं धनराज पिल्ले. हा माणूस पुण्याजवळच्या खडकीचा, जन्म १९६८ चा. वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानाची देखभाल करायचे. घरात पैसे नसल्याने भावंडं मोडक्या काठ्या दोरीने बांधून आणि मोठ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळली. त्यातून चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला खेळाडू उभा राहिला.

असा खेळाडू असूनही संघ महाराष्ट्रात रुजला नाही. एक कारण साधं आहे. पहिल्या हंगामातले सगळे सामने हैदराबादला झाले. आता आपल्या नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी तिथे. पण पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या पोराने आपला संघ बघायचा कुठे? फक्त टीव्हीवर. संघाचं नाव मराठी, पण त्याचं घर महाराष्ट्रात नव्हतं.

लीग कशीबशी चार हंगाम चालली. मग २००८ उजाडलं. मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागो शहरात ग्रेट ब्रिटनकडून भारत हरला आणि ऐंशी वर्षांत पहिल्यांदा आपला पुरुष हॉकी संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. पुढच्याच महिन्यात महासंघाच्या सचिवांवर संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप टीव्हीवर दाखवला गेला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. लीगचा आयोजकच गेला, मग लीग कशी राहणार? मराठा वॉरियर्स मैदानात हरून गेला नाही. दफ्तर बंद पडलं म्हणून गेला.

पुणे स्ट्रायकर्स : अंतिम सामना खेळला आणि संपला

यानंतर हॉकीत दोन संघटना झाल्या. एक जुना महासंघ, दुसरी नवी हॉकी इंडिया. दोघीही म्हणायच्या, आम्हीच खऱ्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने हॉकी इंडियाला मान्यता दिली.

जुन्या महासंघाने २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची लीग काढली. आठ संघ होते, त्यातले दोन महाराष्ट्राचे : मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. या लीगची एक गोष्ट चांगली होती, सामने संघांच्या आपापल्या शहरात झाले. पुण्याचा संघ पिंपरीतल्या मेजर ध्यानचंद मैदानावर घरच्या प्रेक्षकांसमोर खेळला. खेळलाही चांगला, थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईच्या महिंद्र स्टेडियमवर अंतिम सामना झाला. त्यात शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ असं हरवलं.

उपविजेता संघ पुढच्या वर्षी जास्त जोमाने येतो, असंच आपल्याला वाटेल ना? पण पुढचं वर्ष आलंच नाही. लीगला आंतरराष्ट्रीय मान्यता नव्हती. अशा लीगमध्ये खेळलं तर देशाच्या संघाची दारं बंद होण्याची भीती होती. दुसरा हंगाम पुढे ढकलला, नंतर तो झालाच नाही. पुणे स्ट्रायकर्सचा सगळा इतिहास जेमतेम पाच आठवड्यांचा आहे.

इथे पालकांनी एक गोष्ट नोंदवून ठेवावी. मुलाला कुठल्याही स्पर्धेला, शिबिराला, अकादमीला पाठवण्याआधी पहिला प्रश्न विचारा : "ही स्पर्धा कोणत्या संघटनेच्या मान्यतेची आहे?" नाव मोठं आणि जाहिरात चकचकीत असली तरी मान्यता नसेल, तर ते प्रमाणपत्र शासनाच्या सवलतीसाठी चालत नाही. क्रीडा गुण आणि नोकरीतलं ५ टक्के आरक्षण या दोन्हींसाठी कागद तपासले जातात.

मुंबई मॅजिशियन्स ते दबंग मुंबई : पाटी बदलली, मग पाटीच गेली

हॉकी इंडियाने २०१३ मध्ये स्वतःची हॉकी इंडिया लीग सुरू केली. मान्यता पक्की, परदेशी खेळाडू मोठे, पैसा बरा. महाराष्ट्राचा संघ मुंबई मॅजिशियन्स, कर्णधार संदीप सिंग, घर महिंद्र स्टेडियम. सुरुवातीलाच अडचण आली. सीमेवरच्या तणावामुळे लीगमधल्या ९ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावं लागलं, त्यातले ४ एकट्या मुंबईचे होते. पहिल्या हंगामात मुंबई पाच संघांत शेवटची आली.

दोन हंगामांनंतर मालक बदलले आणि २०१५ पासून संघाचं नाव झालं दबंग मुंबई. या संघाने हळूहळू बस्तान बसवलं. हरमनप्रीत सिंग नावाचा तरुण बचावपटू याच संघातून खेळत होता. २०१७ मध्ये दबंग मुंबई अंतिम सामन्यात पोचली. चंदीगडला कलिंगा लान्सर्सने ४-१ ने हरवलं.

आणि त्यानंतर लीगच थांबली, सात वर्षं.

२८ डिसेंबर २०२४ रोजी राउरकेलात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ आणि पहिल्यांदाच महिलांचे चार संघ. दिल्ली, हैदराबाद, बंगाल, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, ओडिशा अशी नावं त्यात होती. महाराष्ट्राचा संघ मात्र ना पुरुषांत होता, ना महिलांत.

आता गंमत बघा. २०१७ च्या अंतिम सामन्यातल्या दोन संघांपैकी मुंबईचं नाव पुसलं गेलं, पण कलिंगा लान्सर्सचं नाव सात वर्षांनी परत आलं. का? ओडिशात मधल्या काळात काम थांबलं नव्हतं. २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचं प्रायोजकत्व ओडिशा सरकारने घेतलंय. राउरकेलात वीस हजारांहून जास्त प्रेक्षक बसतील असं मैदान बांधलंय. सुंदरगड जिल्ह्याच्या आदिवासी गावांत तर बोकडासाठी म्हणजे बक्षीस म्हणून बोकड लावून हॉकीचे सामने खेळायची जुनी रीत आहे. लीग बंद असली तरी खाली खेळ चालू होता, म्हणून लीग आली तेव्हा संघ लगेच उभा राहिला.

अडचणीचं मूळ : टर्फ आणि पाणी

कोणी म्हणेल, मग आपणही मैदानं बांधू. इथे हॉकीचा एक खास प्रश्न आहे, तो समजून घ्यायला हवा.

१९७५ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला तो गवतावर. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. गवतावर चेंडू अडतो, उडतो, त्यामुळे तो काठीला चिकटवून नेण्याचं कौशल्य लागतं. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात जातो, तिथे ताकद आणि दम जास्त लागतो. मातीवर शिकलेला मुलगा टर्फवर गेला की त्याला अर्धा खेळ पुन्हा शिकावा लागतो.

टर्फ टाकायला कोट्यवधींचा खर्च येतो. शिवाय मोठ्या सामन्यांचा टर्फ खेळण्याआधी पाण्याने भिजवावा लागतो, नाहीतर चेंडू नीट घसरत नाही आणि पडलं की कातडी सोलवटते. एकेका सामन्याला हजारो लिटर पाणी लागतं.

आता हे वाक्य लातूरमध्ये वाचून बघा! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. ज्या गावाने घागरीसाठी रांगा लावल्या, तिथे मैदान भिजवायला पाणी मागायचं कोणत्या तोंडाने? मराठवाड्यात हॉकी का वाढली नाही, याला आळस किंवा अनास्था एवढंच कारण नाही. खेळाच्या बदललेल्या मैदानाने कोरडवाहू मुलखाला मागे टाकलं, हेही एक कारण आहे. कमी पाण्यावर आणि बिनपाण्याच्या टर्फवर आता जगभर काम चालू आहे. ते साधलं तर सर्वात जास्त फायदा आपल्यासारख्यांचा होईल.

नांदेडचा करंडक : लीग नाही, तरी परंपरा आहे

हे सगळं असूनही मराठवाड्यात एक गाव असं आहे जिथे हॉकी हा लोकांचा खेळ आहे. ते म्हणजे नांदेड.

गुरू गोबिंदसिंघजींचं १७०८ साली इथे निर्वाण झालं. सचखंड श्री हुजूर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक. त्यामुळे पिढ्यानपिढ्या इथे राहिलेला शीख समाज आहे, घरात पंजाबी, बाजारात मराठी-हिंदी बोलणारा. पंजाबची हॉकीची ओढ इथेही रुजली. गुरू गोबिंदसिंघजींच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, खालसा हायस्कूलच्या मैदानावर त्यांच्या नावाची अखिल भारतीय गोल्ड आणि सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. परराज्यांतले संघ येतात. ही स्पर्धा एक-दोन वर्षांची नव्हे, कित्येक दशकांची आहे.

हर्शीच्या चार गोष्टी आता नांदेडला लावून बघा. मैदान आहे, तेही शाळेचं. वेळ ठरलेली आहे, जयंतीच्या आसपास, त्यामुळे कोणी विसरत नाही. "हे आमचं आहे" म्हणणारे लोक आहेत. देशभरातून आलेल्या माणसाची राहण्या-जेवण्याची सोय करणं तर या गावाच्या अंगवळणीच पडलंय, लंगर काही फक्त स्पर्धेसाठी सुरू होत नाही. मालकांनी अंग काढून घेतलं म्हणून बंद पडेल असं इथे काही नाही. मराठा वॉरियर्सकडे धनराज होता, कॅमेरे होते, पैसा होता, पण यातलं काहीच नव्हतं.

कमी आहे ती चौथी गोष्ट, शिडी. स्पर्धा बघायला आलेल्या दहा वर्षांच्या मुलाने उद्यापासून काठी हातात घ्यायची तर कुठे जायचं, मग पुढे कुठे, हे त्याच्या घरच्यांना माहीत नसतं. ही शिडी दाखवण्याचं काम आपलं, म्हणजे शिक्षकांचं आहे.

शिडी कशी असते?

थोडक्यात सांगतो.

१. शालेय क्रीडा स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं-मुली. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. नांदेड आणि लातूर हे जिल्हे लातूर विभागात येतात. प्रवेशिका शाळेमार्फतच भरायची असते. म्हणजे शाळेने अर्ज केला नाही तर मुलाचा रस्ता तिथेच बंद.

२. जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धा. ही खास शाळांच्या संघांसाठी आहे. मुलांचे १५ आणि १७ वर्षांखालील गट, मुलींचा १७ वर्षांखालील गट. हिचीही सुरुवात जिल्ह्यापासून होते.

३. शासनाची क्रीडा प्रबोधिनी. चाचण्यांतून निवड होते आणि राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण असं सगळं एकत्र मिळतं. फलटण तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबांतल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके अशाच पुण्याच्या प्रबोधिनीतून भारतीय संघापर्यंत पोचल्या. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात वैष्णवी होती. फलटण हासुद्धा दुष्काळी पट्टा, आणि तिथे कुठल्या लीगचा संघ कधी नव्हता.

४. नोकरीचे संघ. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, तेल कंपन्या, बँका. भारतातले बहुतेक हॉकीपटू इथेच पोट भरतात. लीग हा वरचा बोनस आहे. भाकरी इथून मिळते.

दबंग मुंबईचा तो तरुण बचावपटू आठवतो का? हरमनप्रीत सिंग. संघ २०१७ ला संपला, पण हरमनप्रीत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार होता. दहा गोल केले आणि कांस्यपदक आणलं. संघ बुडाला तरी जो शिडीवर होता तो चढत गेला.

पालकांसाठी दोन शब्द

लातूर-नांदेडमध्ये आठवी-नववी आली की घराघरांत क्लासचं वेळापत्रक भिंतीला लागतं. लातूर पॅटर्नने खूप लेकरांचं भलं केलंय, त्यात शंका नाही. पण खेळाबद्दल विचारलं की एकच उत्तर येतं : "त्यात पुढं काय आहे?" हॉकीचा हा इतिहास वाचून कोणी म्हणेल, बघा, पाच संघ आले, पाचही बुडाले, आमचंच खरं.

मला उलटं वाटतं. लीगच्या भरवशावर मुलाला खेळात घालू नका, हे अगदी बरोबर. लिलावात पोराला किती मिळतील याचा हिशेब करून तर मुळीच नको. पण रोज संध्याकाळी तासभर मैदान, वर्षाला दोन मान्यताप्राप्त स्पर्धा आणि लक्ष देणारे एक क्रीडाशिक्षक एवढं मिळत असेल, तर ते लीगपेक्षा जास्त टिकाऊ आहे. मूल भारताकडून खेळलं नाही तरी त्याचे पाय, फुप्फुसं आणि हरल्यावर पुन्हा उभं राहायची सवय कुठे जात नाही. आणि मैदान वापरात राहिलं तर ते मैदान म्हणून शिल्लक राहतं. रिकाम्या मैदानाचं काय होतं हे आपल्या गावात आपण बघतोच, आधी गाड्या लागतात, मग गाळे उभे राहतात.

वर्गात कसं घ्याल? (चौथी ते आठवी)

फळ्यावर २००५ ते २०२५ अशी आडवी रेघ काढा. प्रत्येक संघ वेगळ्या रंगाच्या खडूने, तो जितकी वर्षं होता तितक्याच लांबीचा दाखवा. पुणे स्ट्रायकर्सचा ठिपकाच येईल. मग शेजारी हर्शी बेअर्सची रेघ काढायला सांगा. १९३८ पासूनची ती रेघ फळ्याबाहेर जाईल, मुलं भिंतीपर्यंत पोचतील. न शिकवता अर्धा धडा इथेच होतो.

गणितासाठी : साडेसतरा मिनिटांचे चार भाग म्हणजे एकूण किती मिनिटं? पूर्वीच्या सामन्यापेक्षा वेळ वाढला की तितकाच राहिला? लातूरच्या पहिल्या पाणी-गाडीत एकूण किती लिटर पाणी होतं?

भूगोलासाठी : नांदेड, लातूर, मिरज, खडकी, फलटण, हैदराबाद, राउरकेला नकाशात दाखवा.

चर्चेसाठी :
- संघ टिकायला काय काय लागतं? चार गोष्टी सांगा.
- आपल्या गावात दरवर्षी न चुकता होणारी स्पर्धा कोणती? जत्रेतली कुस्ती, कबड्डी, काहीही चालेल. ती कोण भरवतं?
- आपल्या शाळेच्या मैदानावर आठवड्यात किती तास खेळ होतो? मोजून आणा.

हा शेवटचा प्रश्न पालकसभेतही विचारा. आणि जमलं तर या डिसेंबर-जानेवारीत वर्गाला खालसा हायस्कूलच्या मैदानावर सामना बघायला घेऊन जा. लातूरहून आलात तरी एका दिवसात जाऊन-येऊन होतं. तिथून परत आल्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी काठी मागेल. ती द्यायची तयारी तेवढी ठेवा.